पाठीवरचा घट्टा : भूभार वाहणारे प्राणी आणि कल्पित जगाची उभारणी

पृथ्वीला आपल्या भाषेत जी नावे आहेत, त्यांतील अनेक नावे ओझे वाहण्याची आहेत. धरा, धरणी, धरित्री म्हणजे धारण करणारी. क्षमा, सर्वंसहा म्हणजे सोसणारी. रिकामटेकड्या माणसाला ‘खायला काळ, भुईला भार’ असे म्हणताना भुईला वजन कळते, हे आपण न बोलता गृहीत धरतो. मग जी सर्वांना धारण करते तिला कोण धारण करते, हा प्रश्न ओघानेच येतो. त्याचे उत्तर आपल्या पूर्वजांनी प्राण्यांच्या रूपात दिले. शेष, कूर्म, वराह आणि दिशादिशांना उभे असलेले दिग्गज ही ती उत्तरे होत. महाराष्ट्रातील असंख्य देवळांत गाभाऱ्यासमोरच्या फरशीत दगडी कासव बसवलेले असते. जेजुरीच्या गडावर तर पितळी पत्र्याने मढवलेले भले थोरले कासव खंडोबाच्या समोरच आहे. आपण त्याला नमस्कार करतो आणि पुढे जातो. त्या कासवाने नेमके काय केले आहे, याचा विचार मात्र क्वचितच मनात येतो.

हा विचार आज करावासा वाटण्याचे कारण साहित्यिक आहे. आपल्या घरांतील तरुण मुले-मुली हल्ली जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. त्यांच्या पहिल्या पानावर कधीही अस्तित्वात नसलेल्या देशाचा नकाशा असतो. त्या देशाला स्वतःच्या नद्या, स्वतःचे राजवंश, स्वतःची पंचांगे आणि कधी कधी स्वतःच्या भाषाही असतात. वडीलधारी मंडळी याला पोरखेळ समजतात. परंतु लेखकाने स्वतःचे नियम देऊन एक संपूर्ण जग उभे करणे हा साहित्याचा फार जुना उद्योग आहे, आणि त्यातील सर्वांत प्रसिद्ध आधुनिक जगांपैकी एक तर सरळ आपल्या दिग्गजांच्या आणि कूर्माच्या पाठीवर उभे आहे. असे कल्पित जग वाचकाच्या मनात कशाच्या आधाराने टिकते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. नेहमीचे उत्तर असे की तपशिलाच्या आधाराने : जितके नकाशे, जितक्या वंशावळी, तितके जग खरे. माझे म्हणणे निराळे आहे. कल्पित जगाचा खरेपणा ते जो वाहतो त्याच्या अंगावर कळतो.

प्रथम या कथेवर झालेला सर्वांत मोठा आक्षेप पाहू. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९० च्या आपल्या मानवी आकलनावरील निबंधात एका हिंदी माणसाचा दाखला दिला आहे. जग कशावर आहे असे विचारता तो म्हणाला, मोठ्या हत्तीवर. हत्ती कशावर? मोठ्या कासवावर. आणि कासव? त्यावर त्याचे उत्तर असे की, काहीतरी आहे खरे, पण काय ते ठाऊक नाही. लॉकला ‘द्रव्य’ या तत्त्वज्ञानातील कल्पनेचा पोकळपणा दाखवायचा होता. पण त्या दाखल्यातून भाबड्या हिंदी माणसाचे एक चित्र युरोपात रूढ झाले आणि पुढे ते पुनःपुन्हा वापरले गेले.

ज्या देशातील माणसाची ही थट्टा झाली, त्याच देशात हाच प्रश्न पाचशे चाळीस वर्षे आधी विचारला गेला होता, आणि तो विचारणारा आपल्या सह्याद्रीच्या आश्रयाने राहणारा होता. भास्कराचार्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणी’ शके १०७२ चा, म्हणजे इ. स. ११५० चा. त्यातील गोलाध्यायात आचार्य विचारतात : पृथ्वीला कोणी मूर्त आधार आहे असे मानले, तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, दुसऱ्याला तिसरा, याला अंत नाही. हा अनवस्थेचा दोष होय. आणि शेवटी कुठेतरी एक आधार स्वतःच्या शक्तीने उभा आहे असे मानावयाचेच असेल, तर ती शक्ती आरंभीच पृथ्वीच्या ठायी का मानू नये? त्यापूर्वी सहाशेहून अधिक वर्षे, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटाने पृथ्वी हा आकाशात निराधार असलेला गोल आहे असे सांगितलेच होते. भास्कराचार्यांनी त्या मताला तर्काची धार दिली.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील देवळात या घराण्याची स्मृती दगडावर कोरलेली आहे. आचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, त्याला मिळालेल्या दानाचा हा १२०७ सालचा शिलालेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. त्याचा अखेरचा भाग जुन्या मराठीत आहे, म्हणून आपल्या भाषेच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. तेव्हा कासवाखाली काय आहे हा प्रश्न मराठी मुलखाला परक्यांनी शिकवलेला नाही.

विज्ञानाच्या दरबारात हा निकाल अंतिम आहे. मग प्रश्न उरतो तो असा की, आधार अनावश्यक ठरल्यावरही कवींनी हे प्राणी का सोडले नाहीत? श्रद्धा हे एक उत्तर झाले. परंतु ते पुरेसे नाही. भास्कराचार्यांनी विचारलेला प्रश्न ‘कशावर’ असा होता. कवींना त्या प्रश्नात रस नव्हताच. त्यांचा प्रश्न होता : ‘वाहणाऱ्याचे काय होते?’

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडातील सगरपुत्रांची कथा या दृष्टीने वाचावी. यज्ञाचा घोडा हरवला म्हणून साठ हजार राजपुत्र पृथ्वी खणीत निघतात. पूर्वेला खोल गेल्यावर त्यांना विरूपाक्ष नावाचा पर्वतप्राय हत्ती भेटतो. वने-पर्वतांसह सारी पृथ्वी त्याच्या मस्तकावर आहे. कवी तेथे क्षणभर थांबतो आणि सांगतो की, हा गज पर्वकाळी थकून विसाव्यासाठी मस्तक हलवतो, तेव्हा भूकंप होतो. दक्षिणेला महापद्म, पश्चिमेला सौमनस, उत्तरेला भद्र अशी इतर तिघांची नावे येतात. राजपुत्र प्रत्येकाला प्रदक्षिणा घालतात, मान देतात, क्षेमकुशल विचारतात आणि पुन्हा खणू लागतात. ज्याच्या डोक्यावर आपले जग आहे त्याला प्रत्यक्ष पाहिल्यावरही त्यांच्या कुदळी थांबत नाहीत. पुढे कपिलमुनींच्या कोपाने त्यांची राख झाली हे आपणास ठाऊक आहे. पण त्यांच्या नाशाचे बीज मला त्या चार प्रदक्षिणांतच पडलेले दिसते.

महाभारताच्या आदिपर्वात शेषाची कथा आहे, ती याहून सूक्ष्म आहे. कद्रूच्या पुत्रांचे विनतेशी आणि गरुडाशी चाललेले वैर पाहून शेष विटतो, घर सोडतो आणि गंधमादन, बदरी, गोकर्ण, पुष्कर, हिमालय अशा ठिकाणी तप करतो. त्याचे मांस आणि कातडी सुकून जाते. ब्रह्मदेव वर माग म्हणतात, तेव्हा तो एवढेच मागतो की माझे मन धर्मात, शमात आणि तपात रमो. प्रसन्न झालेले ब्रह्मदेव त्याला डळमळणारी पृथ्वी स्थिर धरावयास सांगतात. शेष संमती देतो आणि तळाशी जावयास निघतो, तेव्हा पृथ्वी स्वतःच त्याला वाट करून देते. ज्या घरातील कलहाला कंटाळून तो बाहेर पडला, त्या घराचेही ओझे आता त्याच्याच मस्तकावर आहे. एवढ्याशा आख्यानात वाहणाऱ्याला कूळ आहे, दुःख आहे, निवड आहे आणि मुख्य म्हणजे वाणी आहे. तो बोलतो, त्याला विचारले जाते, आणि मगच तो भार घेतो.

सहाव्या शतकातील वराहमिहिराची ‘बृहत्संहिता’ हा शास्त्रग्रंथ. पण भूकंपाची कारणे देताना त्याने पूर्वसूरींची जी मते नोंदवली आहेत, त्यांत काव्य आहे. कोणी म्हणतात, समुद्रात राहणाऱ्या प्रचंड प्राण्यांमुळे भूकंप होतो. कोणी म्हणतात, भूभाराने खिन्न झालेले दिग्गज विसावा घेतात म्हणून होतो. या दुसऱ्या मतात कोप नाही, शिक्षा नाही. आहे तो फक्त थकवा. जपानात १८५५ च्या एदो येथील भूकंपानंतर भूमीखालच्या अजस्र माशाची शेकडो छापील चित्रे निघाली, त्यांत लोक त्या माशाला बडवताना दिसतात, तर काही चित्रांत तोच मासा श्रीमंतांची दौलत गरिबांत वाटणारा होतो. आपल्याकडे हत्तीला कोणी बडवीत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिने आपल्याही भांडी-कपाटांना हादरवले. धुंदलवाडीच्या परिसरातील माणसांनी थंडीच्या रात्री उघड्यावर काढल्या. शास्त्रज्ञांनी यंत्रे बसवली ते योग्यच झाले. खडकातील हालचाली यंत्रांनाच कळणार. परंतु जमीन स्थिर आहे हा आपला विश्वास कोणाच्या तरी न थकण्यावर अवलंबून आहे, ही जाणीव मात्र यंत्र देत नाही, ती कथा देते.

आणि आता बारावे शतक, म्हणजे भास्कराचार्यांचेच शतक. पूर्वेकडे जयदेव कवी ‘गीतगोविंदा’च्या आरंभी दशावतार वर्णितो. कूर्मावताराची पाळी येते तेव्हा त्याला कासवाचा आकार वा सामर्थ्य सांगावेसे वाटत नाही. पृथ्वी धरून धरून पाठीवर पडलेल्या घट्ट्यांची वर्तुळे तेवढी तो दाखवतो. हमालाच्या खांद्यावर, नांगऱ्याच्या तळहातावर, बैलाच्या मानेवर जो घट्टा असतो, तोच येथे देवाच्या पाठीवर आहे. एका शतकात दोन प्रतिभावंत एकाच कथेकडे पाहतात. गणिती म्हणतो, या कासवाची गरज नाही. कवी म्हणतो, त्याची पाठ पाहा. दोघांचेही खरे आहे; कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत.

यावरून समीक्षेला एक कसोटी मिळते. पुराणांच्या भुवनकोशांत सात द्वीपे, सात समुद्र आणि त्यांची योजनांतील मापे दिलेली आहेत. इक्षुरसाचा समुद्र, सुरेचा समुद्र, दुधाचा समुद्र. कल्पनेचा विस्तार अफाट आहे; तरीही ते जग आपल्या मनात घर करीत नाही, यादीसारखे राहते. उलट विरूपाक्षाच्या थकलेल्या मस्तकाला दोन-तीन श्लोक पुरतात आणि पृथ्वीचे सारे वजन आपल्याला जाणवते. पहिल्यात मापे आहेत, दुसऱ्यात भार आहे. कल्पित जगाला भार असावा लागतो, आणि भार कोणाच्या तरी शरीरावर दिसल्यावाचून कळत नाही.

ही कसोटी आपण ज्या आधुनिक जगाचा वर उल्लेख केला त्याला लावून पाहू. टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाने १९८३ मध्ये ‘द कलर ऑफ मॅजिक’ ही कादंबरी लिहिली आणि २०१५ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या शेवटच्या पुस्तकापर्यंत या मालिकेच्या एकेचाळीस कादंबऱ्या झाल्या. हे जग थाळीसारखे चपटे आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आहे आणि हत्ती अवकाशात पोहत जाणाऱ्या एका महाकाय कासवाच्या पाठीवर. लॉकच्या थट्टेतील चित्र प्रॅचेटने शब्दशः खरे मानले आणि मग त्याखाली काय, या प्रश्नाला साधे उत्तर दिले : काही नाही, कासव पोहते. अनवस्थेचा दोष असा हसत हसत मिटला.

त्याचे खरे कौशल्य पुढे आहे. त्याच्या जगातील विद्वानांना कासव कुठे चालले आहे आणि ते नर आहे की मादी, याची चिंता असते. ते शोधण्यासाठी जगाच्या कडेवरून खाली उतरण्याची योजना आखली जाते. १९८६ च्या ‘द लाइट फँटॅस्टिक’मध्ये एक तांबडा तारा जवळ येतो, प्रलय होणार म्हणून लोक भयभीत होतात, आणि शेवटी कळते की कासव तेथे अंडी फुटण्याच्या वेळेला पोहोचले आहे. ज्याला माणसे जगाचा अंत समजत होती, तो वाहणाऱ्या प्राण्याच्या आयुष्यातील एक मंगल प्रसंग होता. आपले जग ज्याच्या पाठीवर आहे, त्याला आपल्याहून वेगळे असे स्वतःचे काही काम असू शकते, ही कल्पना आपल्या पुराणांतही इतक्या स्पष्टपणे आलेली नाही. याबद्दल या परदेशी लेखकाचे ऋण मान्य केले पाहिजे.

१९९२ च्या ‘स्मॉल गॉड्स’मध्ये तर त्याने सारे चित्रच उलटे केले. तेथील धर्मपीठ जग गोल आहे असे शिकवते आणि जग कासवावर आहे असे म्हणणाऱ्यांना छळते. त्याच वेळी त्या धर्माचा देव एका लहानशा कासवाच्या रूपात अडकला आहे, आणि त्याच्यावर खरी श्रद्धा उरलेला एक साधा मठवासी त्याला हातात घेऊन फिरतो. जगाला कासव वाहते, कासवाला माणूस वाहतो. देव आणि भक्त यांचे नाते भार वाहण्याच्या भाषेत मांडणारी ही कादंबरी वारकऱ्यांच्या मुलखात तरी परकी वाटू नये. १९९९ च्या ‘द फिफ्थ एलिफंट’मध्ये दंतकथा अशी की, पूर्वी पाच हत्ती होते, पाचवा घसरून जगावर आदळला आणि त्याच्या देहाची चरबी जमिनीखाली गाडली गेली. आता लोक तिच्या खाणी काढून व्यापार करतात. पडलेल्या वाहकाचे शरीर हा जिथे खनिजाचा साठा होतो, तिथे सगरपुत्रांची कुदळ पुन्हा एकदा ऐकू येते.

तरीही कसोटी सर्वत्र उतरत नाही. मालिकेच्या बहुसंख्य पुस्तकांत कासव आणि हत्ती प्रस्तावनेपुरते येतात. कथा शहराची, पोलिसांची, टपालखात्याची, छापखान्याची होते. उपहास धारदार असला तरी थाळीचे जग त्या ठिकाणी एक नेपथ्य उरते. ते गोल असते तरी कथेत फरक पडला नसता. चारही हत्तींना नावे आहेत, पण कोणाच्याही पाठीवर घट्टा नाही. वाल्मीकीच्या विरूपाक्षाने एकदा मस्तक हलवले, तेवढे या चौघांनी एकेचाळीस पुस्तकांत क्वचितच केले असेल.

मराठी कथावाङ्मयाचा हिशेब मांडताना मात्र संकोच वाटतो. कल्पित जगाची हौस आपल्याला कमी नव्हती. १८६१ ची लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि तिच्यामागून आलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या, नाथमाधवांचा ‘वीरधवल’, ही परंपरा वाचकप्रिय होती. पण तिच्यातील राजवाडे, भुयारे आणि अरण्ये नायक-नायिकांच्या विरहासाठी आणि मीलनासाठी असतात. विसाव्या शतकात जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’मधील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत देशकाल न सांगता जे विश्व उभारले, ते मराठीतील या जातीचे सर्वांत भारदस्त विश्व होय. तेथे भार आहे. परंतु तो नियतीचा, आणि तो एकट्या प्रवाशाच्या खांद्यावर. त्या विश्वात शेती कोण करतो, पाणी कोण भरतो, हा प्रश्न जी. एं.नी विचारला नाही, आणि त्यांच्या कलेला तो विचारण्याची गरजही नव्हती.

दुसरीकडे पौराणिक कादंबरीने गेल्या साठ-सत्तर वर्षांत मराठी घराघरांत राज्य केले. १९५९ च्या ‘ययाति’ने आणि १९६७ च्या ‘मृत्युंजय’ने पुराणातील माणसांना नवे अंतरंग दिले. त्यानंतर महाभारतातील बहुतेक प्रत्येक नायक-नायिकेला आत्मनिवेदन करण्याची संधी मिळाली. शेषाला, विरूपाक्षाला, कूर्माला ती मिळाल्याचे माझ्या वाचनात नाही. ज्यांचे जग होते त्यांना आपण बोलते केले. ज्यांच्यावर ते जग होते ते मुकेच राहिले. या उणिवेकडे सर्वांत जवळून बोट दाखवले ते कादंबरीकाराने नव्हे, तर इरावती कर्वे यांनी. ‘युगान्त’मधील ‘मयसभा’ या लेखात त्यांनी खांडववनाच्या दाहाचा जो विचार केला आहे, तो आपणा सर्वांनी पुन्हा वाचावा. पांडवांची नवी राजधानी, तिची ती अद्भुत सभा, हे सारे ज्या भूमीवर उभे राहिले तिथे आधी अरण्य होते, प्राणी होते, नाग होते. ते जाळून वसाहत झाली. इंद्रप्रस्थ हे कल्पित जगच म्हणा. त्याच्या फरशीखाली राख आहे, हे बाईंनी दाखवले.

‘वसाहत’ हा शब्द आपल्या मंडळाच्या वाचकांच्या कानाला थोडा टोचेल, आणि तो टोचावा असाच माझा हेतू आहे. १७८३ मध्ये नगरहवेली आणि १७८५ मध्ये दादरा मराठ्यांकडून पोर्तुगिजांकडे गेले. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसे होती, हे आपण दरवर्षी अभिमानाने सांगतो. आपल्या घराण्यांच्या आठवणींत नोकऱ्या आहेत, दुकाने आहेत, शाळा आहेत, गणेशोत्सव आहेत. हे एक जग आहे आणि तेही कष्टाने उभारलेले आहे. परंतु त्या आठवणींत वारली, कोकणा, धोडिया, कातकरी कुठे येतात, हे तपासून पाहावे. गडी म्हणून, मोलकरीण म्हणून, लाकडाची मोळी वा गवताचा भारा घेऊन दारात आलेला माणूस म्हणून ते येतात. म्हणजे ते वाहणारे म्हणून येतात आणि पुढच्या वाक्यात निघून जातात.

सीमेपलीकडे, तलासरी-उंबरगावच्या पट्ट्यात, १९४५ साली वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि गवतकापणीच्या मजुरीसाठी उठाव केला. त्याची कहाणी गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात सांगितली. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी त्या पुस्तकात भेटतात. आपल्याकडे पोर्तुगीज अमदानीतील ‘अल्वारा’ पद्धतीच्या जमिनींचा प्रश्न १९७१ च्या जमीनसुधारणा विनियमापर्यंत आला, आणि त्याचे वाद त्यानंतरही न्यायालयांत चालले. मधुबन धरणाच्या जलाशयाखाली आदिवासी गावांची शेते गेली. सिल्वाशाचे नळ, कारखाने आणि बागा यांच्याखाली काय आहे, असे लॉकच्या त्या प्रश्नकर्त्याने विचारले, तर ‘काहीतरी आहे, पण काय ते ठाऊक नाही’ हे उत्तर आपल्याला शोभणार नाही.

येथे एक आक्षेप मी स्वतःच नोंदवतो. जिवंत माणसांना कासवाची उपमा देणे हे त्यांना पुन्हा मुके करणेच नव्हे काय? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच शेषाचे आख्यान महत्त्वाचे. तेथे वाहणारा स्वतः बोलतो. आणि वारली-कोकणांना बोलावयास आपण शिकवण्याची गरज मुळीच नाही. घांगळीच्या सुरावर कणसरीची कथा गाणारे, थाळीवर रात्रभर रामकथा सांगणारे कथेकरी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या कथेतील राम वाल्मीकीचा नाही आणि त्यांची धरतरी आपल्या भूगोलातील पृथ्वी नाही. वारली लग्नात सुवासिनी भिंतीवर जो चौक लिहितात, त्यात मध्यभागी पालघट देवी असते. भोवती झाडे, प्राणी, माणसे असतात. त्या जगाच्या तळाशी ओझे वाहणारा हत्ती वा कासव नाही. प्राणी आणि माणसे एकाच भिंतीवर, एकमेकांच्या शेजारी वावरतात. तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे एकमेकांना धरून उभे राहते. जग कोणी एकाने वाहावयाचे नसून सर्वांनी हाताला हात धरून पेलावयाचे आहे, असा या चित्राचा अर्थ मी घेतो. तो बरोबर आहे की नाही, हे सांगण्याचा पहिला अधिकार चित्र लिहिणाऱ्यांचा आहे.

आज हीच चित्रे साड्यांवर, चहाच्या कपांवर आणि सरकारी भिंतींवर आली आहेत. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचा गौरव झाला याचा आनंदच आहे. पण गौरव आणि कुदळ ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू शकतात, हे सगरपुत्रांनी दाखवून दिले आहे. प्रदक्षिणा घालून झाली म्हणजे ऋण फिटले, असे मानणारी माणसेच पुढे अधिक खोल खणतात.

अद्भुतकथेवर एवढे नैतिक ओझे कशाला, ती करमणुकीसाठीच असू द्या, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर प्रॅचेटच्या पुस्तकांतच आहे. त्यांतील सर्वांत हसवणारी आणि सर्वांत लक्षात राहणारी स्थळे तीच आहेत, जिथे कासवाला स्वतःचे काही काम निघते. वाहणाऱ्याकडे लक्ष दिल्याने करमणूक कमी होत नाही. जग अधिक मजेदार आणि अधिक अनपेक्षित होते. नकाशे काढणे सोपे आहे. त्या नकाशाखालच्या प्राण्याला केव्हा भूक लागते, तो कुठे चालला आहे, कशाने थकतो, हे ठरवताना लेखकाची प्रतिभा खरी पणाला लागते.

आपल्या मंडळाच्या तरुण सभासदांपैकी कोणी उद्या मराठीत असे एखादे जग उभारू म्हणेल, तर त्याचे स्वागत करावे, पोरखेळ म्हणून हसू नये. त्याने ते जग गंधमादन पर्वतावर न्यावे किंवा खानवेलच्या डोंगरात. फक्त पहिल्या पानावर नकाशा काढण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. थाळी लावून बसलेल्या एखाद्या कोकणा कथेकऱ्याजवळ एक रात्र बसून ऐकावे, आणि मग आपल्या जगाखाली जो कोणी आहे त्याची पाठ शब्दांत लिहून पाहावी. घट्टा नेमका कुठे पडला आहे हे त्याला सांगता आले, तर बाकीचे जग त्याला सापडेल.